विश्लेषण : रात्री हेडफोनवर ‘पंचम’ वेगळा का ऐकू येतो?

शेकडो वेळा ऐकलेले गाणे रात्री उशिरा हेडफोनवर लावले की त्यात एखादे वाद्य नव्यानेच सापडते. राहुल देव बर्मन अर्थात पंचम यांच्या चाहत्यांना हा अनुभव नेहमीचा आहे. त्यामागे कानाचे विज्ञान आहे, ध्वनिमुद्रणाचा इतिहास आहे आणि ज्यांची नावे रेकॉर्डच्या वेष्टनावर सहसा छापली गेली नाहीत अशा वादकांची मेहनतही आहे. मात्र हाच रात्रीचा छंद कानाला आणि झोपेला महाग पडू शकतो. तो कधी आणि कसा, याचा आढावा.

रात्र झाली की नेमके काय बदलते?

गाणे तेच असते, कानही तेच असतात. बदलतो तो भोवतालचा आवाज. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. लोकलच्या डब्यात किंवा रिक्षात गाणे ऐकताना गायकाचा आवाज आणि तालाचा ठोका तेवढा कानापर्यंत पोहोचतो. गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा आवाज, झांजेचा विरत जाणारा शेवट, गायिकेने ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास हे सगळे रहदारीच्या आवाजाखाली गाडले जाते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मर्यादा किती ठिकाणी पाळली जाते हा वेगळा विषय. पण डेसिबलची मोजपट्टी साध्या बेरीज-वजाबाकीची नसते. १० डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा थेट एक दशांश. दिवस आणि रात्र यांत एवढा फरक जरी पडला, तरी दिवसा न ऐकू येणारे अनेक बारीक आवाज रात्री मोकळे होतात. त्यासाठी गाण्याचा आवाज वाढवावाही लागत नाही. रात्रीच्या ऐकण्याचा खरा फायदा हाच आहे आणि बहुतेक जण आवाज वाढवून तोच गमावतात.

रात्री गाणी ऐकण्याची सवय अर्थातच हेडफोनच्या आधीची आहे. विविध भारतीवरील रात्री दहाच्या ‘छायागीत’साठी घरातले दिवे मालवून, कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून रेडिओ उशाशी घेऊन बारीक आवाजात ऐकणाऱ्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये ‘वॉकमन’ विक्रीला आला आणि ऐकणे खिशात गेले. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन जोडण्यासाठी दोन जागा होत्या. एकट्याने ऐकणे शिष्टाचाराला धरून होणार नाही, अशी शंका कंपनीलाच होती. ती शंका किती निराधार होती हे पुढच्या चार दशकांत दिसले.

स्पीकर आणि हेडफोन यांत फरक काय?

खोलीत दोन स्पीकर लावले तर डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानात आधी आणि उजव्या कानात किंचित उशिरा, किंचित कमी होऊन पोहोचतो. एखादा आवाज बाजूने आला तर दोन्ही कानांत पोहोचण्याच्या वेळेत जास्तीत जास्त फरक पडतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या साधारण दोन तृतीयांश इतका. एवढ्याशा फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो. त्याशिवाय खोलीच्या भिंती, कपाट, पडदे यांवरून परतलेला आवाजही गाण्यात मिसळतो.

हेडफोनमध्ये यातले काहीच होत नाही. डावा आवाज फक्त डाव्या कानात, उजवा फक्त उजव्या. मधली खोली नाहीशी होते. म्हणून वाद्ये समोर मांडल्यासारखी न वाटता डोक्याच्या आत, दोन कानांच्या मध्ये कुठेतरी वाजत असल्यासारखी वाटतात. हा भास काहींना खटकतो. पण वाद्ये सुटी करून ऐकायची असतील तर तोच उपयोगी पडतो.

दुसरा फरक खालच्या पट्टीतल्या आवाजाचा, म्हणजे बेसचा. बेस गिटारच्या सर्वात जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला एवढी संथ कंपने निर्माण करणे शक्यच नसते. त्यामुळे मोबाइल उशाशी ठेवून ऐकलेल्या गाण्यातला बेस बहुतांशी मेंदूने अंदाजाने भरून काढलेला असतो. नीट बसलेला हेडफोन तो प्रत्यक्ष ऐकवतो. ‘नीट बसलेला’ हे महत्त्वाचे. कानातल्या इअरबडची रबरी टोपी सैल असेल तर सर्वात आधी बेस गळतो.

मग पंचमच का?

हा अनुभव कोणत्याही चांगल्या संगीतकाराबाबत येऊ शकतो. पण राहुल देव बर्मन यांच्या संगीताची घडणच अशी आहे की बारीक ऐकणाऱ्याला ते अधिक देते. २७ जून १९३९ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या पंचम यांना घरात सचिनदेव बर्मन यांच्यासारखे संगीतकार वडील लाभले. अली अकबर खाँ यांच्याकडे त्यांनी सरोदचे धडे घेतले. ते माउथ ऑर्गन उत्तम वाजवत. ‘सोलवा साल’ या १९५८ च्या चित्रपटातील ‘है अपना दिल तो आवारा’मध्ये ऐकू येणारा माउथ ऑर्गन त्यांचाच. १९६१ च्या ‘छोटे नवाब’पासून ते स्वतंत्र संगीतकार झाले, १९६६ च्या ‘तीसरी मंझिल’ने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले आणि ४ जानेवारी १९९४ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी ३०० हून अधिक चित्रपटांना संगीत दिले.

चाल, गायक आणि शब्द यांच्याबरोबरच ‘आवाजाचा पोत’ हा त्यांच्यासाठी गाण्याचा स्वतंत्र घटक होता. वाद्य म्हणजे दुकानात मिळते तेच, असे त्यांनी मानले नाही. घरातली वस्तू, माणसाचा श्वास, घशातली गुळगुळ यांनाही त्यांच्या गाण्यात जागा मिळाली. हे आवाज लहान असतात, क्षणभर येतात आणि गर्दीत हरवतात. म्हणूनच ते शोधायला रात्र लागते.

हेडफोनवर काय शोधावे?

पेला आणि चमचा : ‘यादों की बारात’ या १९७३ च्या चित्रपटातील ‘चुरा लिया है’च्या सुरुवातीला काचेच्या पेल्यावर चमचा वाजवल्याचा आवाज आहे. काचेचा नाद उंच पट्टीतला असतो आणि चटकन विरतो. तो विरताना ऐकणे ही हेडफोनची पहिली परीक्षा. स्वस्त इअरफोनवर नुसती ‘टिंग’ ऐकू येते, बऱ्या हेडफोनवर तिची शेपूटही.

बाटल्या : ‘शोले’मधील ‘मेहबूबा’ पंचम यांनी स्वतः गायले. त्यात बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून काढलेले घुमणारे आवाज आहेत. बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि सैल होते, त्यातून हा नाद तयार होतो. बाटलीत पाणी भरले की हवेला जागा कमी उरते आणि पट्टी चढते. वेगवेगळ्या पातळीपर्यंत पाणी भरलेल्या बाटल्या म्हणजे झाले सुरात लावलेले वाद्य.

कंगवा : ‘पडोसन’ या १९६८ च्या चित्रपटातील ‘मेरे सामने वाली खिडकी में’च्या तालात कंगव्याच्या दात्यांवरून घासल्याचा खरखरीत आवाज मिसळलेला आहे. गाणे विनोदी प्रसंगातले असल्याने तो खपून जातो, पण एकदा ओळखला की दरवेळी ऐकू येतो.

श्वास : ‘कारवाँ’ या १९७१ च्या चित्रपटातील ‘पिया तू अब तो आजा’मध्ये पंचम यांची आरोळी सर्वांना ठाऊक आहे. हेडफोनवर लक्षात राहतात ते श्वास. ते तालाचाच भाग म्हणून वापरले आहेत.

मादल : ‘हरे रामा हरे कृष्णा’ या १९७१ च्या चित्रपटातील ‘कांची रे कांची रे’साठी नेपाळी मादल हे दोन तोंडांचे छोटे तालवाद्य आले. ते वाजवणारे रणजित गजमेर ‘कांचा’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि मादल पंचम यांच्या तालाची ओळख बनले. तबल्यापेक्षा त्याचा नाद गोल आणि ओलसर असतो.

दोन आशा : ‘इजाजत’ या १९८७ च्या चित्रपटातील ‘कतरा कतरा’मध्ये आशा भोसले यांचा आवाज दोनदा स्वतंत्रपणे मुद्रित करून एकमेकांवर चढवला आहे. एक ओळ संपण्याआधीच दुसरी सुरू होते. स्पीकरवर हा नुसता प्रतिध्वनी वाटतो. हेडफोनवर एकच गायिका स्वतःशी बोलत असल्याचे लक्षात येते.

गुळण्या : ‘सत्ते पे सत्ता’ या १९८२ च्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात अमिताभ बच्चन यांच्या खलनायकी रूपाबरोबर येणारा विचित्र आवाज अ‍ॅनेट पिंटो यांनी गुळण्या करून काढला आहे. ही माहिती नसेल तर तो आवाज कशाचा हे ओळखणे अवघडच.

हे आवाज काढणारे कोण होते?

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत, साहाय्यकांची नावे लहान अक्षरांत आणि वादकांची नावे सहसा नाहीतच, अशी त्या काळची रीत होती. रेकॉर्डच्या वेष्टनावरही गायक, गीतकार आणि संगीतकार एवढेच. त्यामुळे आपण ज्याला ‘पंचमचा आवाज’ म्हणतो त्यातला बराचसा भाग निनावी राहिला.

तरीही चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी ही नावे हळूहळू गोळा केली. बासुदेव चक्रवर्ती आणि मनोहारी सिंग हे पंचम यांचे प्रमुख साहाय्यक आणि वाद्यमेळाचे संयोजक. मनोहारी सिंग सॅक्सोफोनसाठी प्रसिद्ध होते. तालाची बाजू मारुतीराव कीर यांच्याकडे असे. सचिनदेव बर्मन यांच्यापासून ते या घराशी जोडलेले होते. गिटारवर भानू गुप्ता आणि भूपिंदर सिंग, बेस गिटारवर टोनी वाझ, ड्रमवर फ्रँको वाझ, इतर तालवाद्यांवर होमी मुल्लन. अमृतराव काटकर यांचे ‘रेसो-रेसो’ हे खाचा पाडलेल्या पृष्ठभागावर काठी घासून वाजवायचे वाद्य. त्याची ‘खर्र-खर्र’ पंचम यांच्या कितीतरी गाण्यांत तालाखाली अखंड चालू असते. दिवसा ती ऐकू येत नाही; काढून टाकली तर मात्र गाणे लंगडे वाटेल. भूपिंदर पुढे गझलगायक म्हणून ओळखले गेले, पण ‘दम मारो दम’ची गिटार त्यांची आहे, हे अनेकांना आजही ठाऊक नसते.

पंचम यांच्या स्मरणार्थ पुण्यात होणाऱ्या चाहत्यांच्या कार्यक्रमांत या वादकांना मंचावर बोलावून ‘हा तुकडा कसा वाजवला’ हे त्यांच्याकडून वाजवून घेण्याची प्रथा पडली, ती यामुळेच. ब्रह्मानंद सिंग यांच्या ‘पंचम अनमिक्स्ड’ या माहितीपटानेही वाद्यमेळातील या माणसांना बोलते केले. रात्री एखादे वाद्य ‘सापडते’ तेव्हा आपल्याला खरे तर एक माणूस सापडलेला असतो. त्याचे नाव शोधणे ही ऐकणाऱ्याने केलेली छोटीशी परतफेड ठरते.

काही गाणी डोक्याच्या मध्यभागीच का वाजतात?

साठच्या दशकातील आणि सत्तरच्या दशकातीलही बहुतेक हिंदी गाणी ‘मोनो’ आहेत. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत सारे वादक आणि गायक एकाच वेळी हजर असत. मोजके मायक्रोफोन आणि सलग एकच टेक. एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. सगळे आवाज शेवटी एकाच पट्टीवर उतरत. हे गाणे हेडफोनवर लावले की दोन्ही कानांत अगदी तेच जाते आणि मेंदू त्याची जागा ठरवतो ती नेमकी मधोमध, कपाळाच्या मागे.

‘स्टिरिओ’मध्ये डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगळे मुद्रण असते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ ७० एमएम पडद्यासह स्टिरिओफोनिक ध्वनीत आला आणि मिनर्व्हासारख्या चित्रपटगृहात फेकलेल्या नाण्याचा आवाज कुठून कुठे गेला याची चर्चा झाली. पुढे अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करून नंतर ते एकत्र करण्याचे तंत्र रुळले. ‘कतरा कतरा’सारखे गाणे त्यामुळेच शक्य झाले. गुलजार, आशा भोसले आणि पंचम यांचा १९८७ चा ‘दिल पडोसी है’ हा चित्रपटबाह्य संग्रह याच काळातला. प्रसंगाची आणि पडद्याची चौकट नसल्याने त्यातली वाद्ययोजना मोकळी आहे आणि हेडफोनसाठी तो विशेष चांगला.

मोनो म्हणजे कमअस्सल, असा मात्र समज करून घेऊ नये. वाद्ये बाजूला पसरवता येत नसल्याने मोनोमध्ये संयोजकाला ती पट्टी आणि पोत यांवरूनच वेगळी ठेवावी लागत. बेस खाली, मादल त्यावर, गिटार मध्ये, काचेचा नाद सर्वात वर. ही उभी रचना हेडफोनवर फार स्पष्ट कळते.

अ‍ॅपवर एकाच गाण्याच्या अनेक आवृत्त्या असतात. कोणती निवडावी?

इथे बहुतेकांची गफलत होते. ‘झंकार’ असे लिहिलेल्या आवृत्तीत मूळ गाण्यावर नंतर इलेक्ट्रॉनिक ठेका चढवलेला असतो. कॅसेटच्या काळात ही टूम जोरात होती. तो ठेका नेमका मूळ तालवाद्यांवरच बसतो, म्हणजे मादल आणि रेसो-रेसो पुन्हा झाकले जातात. ‘लो-फाय’ आवृत्तीत गाण्याचा वेग कमी करून वरच्या पट्टीतले आवाज छाटलेले असतात. ‘८-डी’ नावाच्या आवृत्तीत आवाज डोक्याभोवती फिरवलेला असतो. ती करामत नंतर कोणीतरी केलेली असते, संगीतकाराची नव्हे. मूळ मोनो गाण्याचे कृत्रिम ‘स्टिरिओ’ करतानाही अनेकदा बेस एका कानात आणि बाकी आवाज दुसऱ्या कानात, असा प्रकार होतो.

बारीक ऐकायचे असेल तर चित्रपटाच्या मूळ संग्रहातील साधी आवृत्ती निवडावी. मागे टेपची हलकी ‘सूं’ ऐकू येत असेल तर ती खपवून घ्यावी. ती पूर्ण पुसायला गेले की तिच्याबरोबर झांजा आणि श्वासही पुसले जातात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘डेटा सेव्हर’ चालू असेल तर गाणे खूप दाबून पाठवले जाते आणि पहिला बळी वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांचाच जातो. घरी वायफायवर ऐकताना तो बंद करून सर्वोच्च दर्जा निवडणे, हा महागडा हेडफोन घेण्याआधी करायचा फुकटचा उपाय आहे. ब्लूटूथवरही आवाज पुन्हा एकदा दाबला जातो, पण नव्या उपकरणांत हा फरक बहुतेकांना जाणवणार नाही इतका कमी असतो.

आवडता संगीतकार ऐकताना मेंदूत काय होते?

कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०११ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यासंदर्भात महत्त्वाचा मानला जातो. ऐकून अंगावर काटा येतो असे संगीत सहभागी व्यक्तींनी स्वतःच निवडले होते. ते ऐकताना त्यांच्या मेंदूत डोपामाइन हे आनंदाशी निगडित रसायन स्रवत असल्याचे दिसले. विशेष म्हणजे आवडती जागा येण्याआधीच, तिची वाट पाहताना मेंदूचा एक भाग सक्रिय होत होता आणि प्रत्यक्ष ती जागा आल्यावर दुसरा.

म्हणजे पाठ असलेल्या गाण्यातही गंमत उरते ती वाट पाहण्यात. ‘आता तो पेला वाजणार’ हे माहीत असणे हाच आनंदाचा भाग. आवडत्या संगीतकाराच्या वळणांशी आपली ओळख झालेली असते. त्यामुळे त्याचे न ऐकलेले गाणेही अर्धे ओळखीचे वाटते आणि उरलेल्या अर्ध्यात तो आपल्याला चकवतो. रात्री लक्ष विचलित करणारे काही नसल्याने ही प्रतीक्षा अखंड राहते.

गाण्यांमुळे झोप लागते की उडते?

दोन्ही होऊ शकते. निद्रानाशासाठी संगीत ऐकण्याविषयीच्या चाचण्यांचा ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२२ मध्ये आढावा घेतला. त्यात १३ चाचण्यांतील एक हजाराहून अधिक प्रौढांची माहिती होती. रोज संगीत ऐकणाऱ्यांनी आपल्या झोपेचा दर्जा सुधारल्याचे सांगितले. दुसरीकडे, अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की झोपण्यापूर्वी ओळखीची, डोक्यात घोळत राहणारी गाणी ऐकली तर ती झोपेतही पाठ सोडत नाहीत आणि झोप खालावते. गंमत म्हणजे शब्द असलेल्या मूळ गाण्यांपेक्षा त्याच गाण्यांच्या केवळ वाद्यांवर वाजवलेल्या आवृत्त्या अधिक घोळत राहिल्या.

पंचम यांच्या चाहत्यांसाठी ही अडचणीची बाब आहे. कारण ज्या तुकड्यामुळे गाणे आवडते तोच तुकडा रात्री दोन वाजता डोक्यात फिरत राहतो. त्यामुळे ‘लक्ष देऊन ऐकणे’ आणि ‘झोप यावी म्हणून ऐकणे’ या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. पहिल्यासाठी बसून, ठरावीक वेळ. दुसऱ्यासाठी संथ आणि फारसे अनपेक्षित न घडणारे संगीत, तेही शक्यतो हेडफोनशिवाय.

कानांना धोका किती?

धोका आवाजाची पातळी आणि वेळ यांच्या एकत्रित मात्रेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा करावा लागतो. ९० डेसिबलला आठवड्याला जेमतेम चार तास उरतात आणि १०० डेसिबलला सुमारे २० मिनिटे. लहान मुलांसाठी मर्यादा याहून कडक, म्हणजे ७५ डेसिबलची आहे. १२ ते ३५ वयोगटातील १०० कोटींहून अधिक व्यक्तींना असुरक्षित ऐकण्यामुळे श्रवणहानीचा धोका असल्याचा या संघटनेचा अंदाज आहे.

आतील कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीची कंपने मेंदूला कळणाऱ्या संदेशांत रूपांतरित करण्याचे काम त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सहसा सर्वात आधी निकामी होतात त्या उंच पट्टीतले आवाज टिपणाऱ्या पेशी. म्हणजे ज्या काचेच्या नादासाठी, ज्या श्वासांसाठी हेडफोन लावला, तेच आवाज पहिल्यांदा हरवतात. हे इतक्या हळू घडते की पंधरा-वीस वर्षांनी एखादी व्यक्ती ‘जुन्या गाण्यांचा दर्जा घसरला’ अशी तक्रार करते, तेव्हा घसरलेले असते ते ऐकू येणे.

ऐकून झाल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येणे किंवा कान दडे बसल्यासारखे वाटणे हा इशारा आहे. तो दुसऱ्या दिवशीही राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. इअरबड घालूनच झोपणाऱ्यांच्या कानात मळ आत ढकलला जातो, ओल साठते आणि विशेषतः पावसाळ्यात बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. शिवाय घरातील हाक, दाराची बेल किंवा धोक्याची सूचना ऐकू येत नाही.

मग रात्री ऐकावे तरी कसे?

पहिला नियम सोपा आहे. दिवसाची पातळी रात्री चालवू नये. प्रवासात ठेवलेला आवाज रात्री तसाच राहिलेला असतो. म्हणून आधी तो अगदी कमी करावा आणि शब्द स्पष्ट कळतील एवढाच वाढवावा. जागतिक आरोग्य संघटना फोनच्या कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांच्या आत राहण्यास सांगते. शांत खोलीत बहुतेकांना त्याहून कमी पुरते. आवाज कमी केला की कानाला बेस आणि अगदी वरचे आवाज तुलनेने अधिक कमी झाल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. त्यामुळे सुरुवातीला गाणे थोडे पातळ वाटते. पाच-दहा मिनिटे आवाजाला हात न लावता थांबले की कान सरावतात.

पंखा किंवा वातानुकूलन यंत्राची घरघर त्रास देत असेल तर बाहेरचा आवाज रद्द करणारे हेडफोन उपयोगी पडतात. त्यांतला मायक्रोफोन बाहेरची घरघर टिपतो आणि तिच्या नेमकी उलटी लहर सोडून तिला खोडतो. सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजांवर हे चांगले चालते. कुत्र्याचे भुंकणे किंवा अचानक वाजलेला हॉर्न यांवर तितकेसे नाही. पण गाण्याचा आवाज वाढवण्याची गरज कमी होते, हा त्यांचा खरा लाभ.

दुसरे म्हणजे वेळ ठरवावा. अनेक अ‍ॅपमध्ये ‘स्लीप टायमर’ असतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत आठ-दहा गाणी होतात आणि लक्ष देऊन ऐकायला तेवढी पुरेशी असतात. पडदा बंद ठेवावा, कारण पुढचे गाणे शोधताना तासभर जातो तो ऐकण्यात नव्हे, फोन चाळण्यात. आणि एकाच गाण्याला सलग तीन वेळा ऐकून पाहावे. पहिल्यांदा नेहमीसारखे, गायकाबरोबर. दुसऱ्यांदा फक्त बेस गिटारच्या मागे. तिसऱ्यांदा फक्त तालवाद्यांच्या मागे. त्या तिसऱ्या फेरीत कुठेतरी मादल, कुठेतरी रेसो-रेसो आणि कुठेतरी कंगवा हाताला लागेल. साठ वर्षांपूर्वीच्या गाण्यातही न ऐकलेले काही शिल्लक असते, फक्त ते ऐकण्याइतके कान पुढच्या वीस वर्षांसाठी शाबूत ठेवायला हवेत.